चाक सुरात लागलं: ऑर्लेआँ ते शिनों

तूर शहर सोडल्यापासून ९४ किलोमीटर झाले आणि सायकलच्या मागच्या चाकाची एकही तार (स्पोक) तुटलेली नाही. हे लिहायला मिळावं म्हणून पाच दिवस थांबले होते. फ्रान्समध्ये, शिनोंला व्हिएन नदीच्या काठावर बसले आहे, सायकल समोरच्या झाडाला टेकवली आहे, आणि दर थोड्या वेळाने उठून तारा छेडून बघते आहे. दादा म्हणतो, "अगं, पुरे आता, बस खाली." बसवत नाही.

मागचं टिपण ऑर्लेआँहून लिहिलं होतं, सायकल खोक्यातून काढून जोडल्यावर. तेव्हा काळजी होती ती डिरेलर हँगरची, म्हणजे गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणाऱ्या छोट्या तुकड्याची. हँगरला काही झालं नाही. पहिला दिवस बोजाँसीवरून ब्लुआ, लुआर नदी उजव्या हाताला, वारा समोरून. इथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, म्हणजे समुद्राकडून येतो आणि आपण समुद्राकडेच चाललेलो असतो. ज्यांना हा मार्ग करायचा आहे त्यांनी नाँतपासून उलटा करायचा विचार जरूर करा. पूर्ण लुआर सायकलमार्ग सुमारे ९०० किलोमीटरचा आहे, आम्ही त्यातला मधला, शातोंचा, म्हणजे जुन्या वाड्यांचा आणि गढ्यांचा तुकडा धरला आहे.

दुसऱ्या दिवशी शाँबोर. फ्रान्सचा राजा फ्रान्स्वा पहिला याने १५१९ मध्ये बांधायला घेतलेला हा शातो, आणि भोवतालच्या जंगलाला ३२ किलोमीटर लांबीची भिंत. त्या जंगलातल्या सरळसोट रस्त्यावर, शातोचे मनोरे नुकते झाडांच्या वर दिसायला लागले होते, तेवढ्यात मागून 'टण्ण' झालं. ज्यांनी हा आवाज ऐकला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. चेनच्या बाजूची तार, डोक्याजवळच्या वाकातून तुटलेली. चाक आऊट होऊन, म्हणजे वाकडं फिरायला लागून, टायर मडगार्डला घासायला लागला.

इथे लॉकरिंग, म्हणजे कॅसेट (मागच्या चाकावरची गिअरची चक्रं) जागी धरणारं कडं, सोडवणाऱ्या त्या पिटुकल्या हत्याराने अब्रू राखली. निघायच्या आधी तुमच्यातल्या तिघांनी बजावलं होतं की कॅसेट काढता आली नाही तर चेनच्या बाजूची तार बदलता येत नाही, आणि कॅसेट धरून ठेवणारा चाबकासारखा चेनव्हिप काही पॅनियरमध्ये (सायकलच्या सामानाच्या पिशवीत) मावत नाही. हे हत्यार फ्रेमला टेकतं, चेनने जोर द्यायचा, लॉकरिंग सुटते. वजन नगण्य. माझी फ्रेम स्टीलची आहे म्हणून निर्धास्त वापरलं, कार्बनच्या फ्रेमला हे लावू नका.

कॅसेट निघाली, आणि मग लक्षात आलं की चेनस्टेला (फ्रेमच्या मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला) चिकटपट्टीने बांधून आणलेल्या तिन्ही जादा तारा डिस्क ब्रेकच्या बाजूच्या आहेत. २ मिलिमीटर जास्त लांब. तरी घातली. निपल, म्हणजे तारेच्या रिमकडच्या टोकाचा नट, फिरत गेलं, फिरत गेलं, आणि ताण यायच्या आधीच आटे संपले. तार ढिलीच राहिली. आजूबाजूच्या दोन तारा घट्ट करून चाक चालण्याइतकं सरळ केलं. तेव्हा वाटलं, भागलं. प्रत्यक्षात शेजारच्या तारांवर जादा बोजा टाकून मी पुढच्या तुटीची तयारीच करून ठेवली होती.

शाँबोरचा तो प्रसिद्ध दुहेरी जिना मात्र पाहिला. एकाच खांबाभोवती दोन जिने एकमेकांत गुंफलेले, चढणारा आणि उतरणारा एकमेकांना खिडक्यांतून दिसतात पण भेटत नाहीत. दादा एका जिन्याने, मी दुसऱ्याने, वर गच्चीत भेट. हात काळे होते, पण मन निवलं.

तिसऱ्या दिवशी शोमों ओलांडून आँबुआझला पोचता पोचता दुसरी तार गेली, पुन्हा चेनच्या बाजूची, पुन्हा वाकातून, पहिल्या तारेच्या अगदी शेजारची. आता शंका घ्यायला सुरुवात केली. चेन कधी कॅसेटवरून आत पडून तारा कापल्या गेल्या का? बॅटरी लावून एकेक तार पाहिली, ओरखडा नाही. सामान जास्त आहे का? दोन्ही पॅनियर मिळून १४ किलो, हे काही अचाट नाही. रस्ता? बहुतेक डांबर, थोडी मुरूम-खडी.

तिथल्या एका दुकानात चाक दिलं. त्यांनी अर्ध्या तासात दोन्ही तारा योग्य मापाच्या घातल्या, आऊट काढला, चाक फिरवून दाखवलं, केसभरही हलत नव्हतं. मी खूश होऊन पैसे दिले. त्याच मापाच्या चार तारा जादा मागून घेतल्या, एवढं एक बरं केलं. पण ताण कोणी तपासला नाही. निघायच्या आधी घरी ज्या दुकानात चाक दाखवलं होतं तिथेही हेच झालं होतं. आऊट काढला म्हणजे चाक झालं, ही समजूत सगळीकडे सारखीच दिसते.

शनोंसोचा दिवस फार सुंदर गेला. शेर नदीवर कमानी टाकून उभा केलेला शातो. पूल राजाची प्रेयसी दियान द पुआतिये हिने बांधवला आणि वरचं लांबलचक दालन राणी कातरिन द मेदिसी हिने चढवलं. पहिल्या महायुद्धात त्याच दालनात जखमी सैनिकांचं इस्पितळ होतं. खिडकीतून खाली पाहिलं की पाणी थेट पायाखालून वाहतं. परतताना ढग भरून आले, पण चाक शांत होतं.

मग मोंलुईच्या पुढे, रविवारी संध्याकाळी, तूरचे पूल जवळजवळ दिसत असताना तिसरी.

खरं सांगते, रस्त्याच्या कडेला बसून रडू आलं. रविवार संध्याकाळ, सोमवारी इथली बरीच दुकानं बंद, आणि तीन दिवसांत तीन तारा. दादा म्हणाला, "भाड्याची सायकल घे, ही इथेच ठेवू." मी नाही म्हटलं. कशीबशी सायकल चालवत मुक्कामाला पोचलो.

हा मुक्काम 'आकय व्हेलो'ची, म्हणजे सायकलवाल्यांच्या स्वागताची, पाटी लावलेला होता. ही पाटी बघूनच खोली घ्या, माझं ठाम मत. कुलूपबंद शेड असते, पंप आणि किरकोळ हत्यारं असतात, आणि मालकीणबाईंना आपल्या काळ्या हातांचं नवल वाटत नाही. सोमवारी सकाळी त्या शेडमध्ये सायकल उलटी करून बसले. माझी स्पोकची चावी, जिने निपल फिरवून ताण बदलतात, ती गोल, सहा-सात खाचांची. ती टाकून द्या. मापाला जवळपास बसते, नेमकी बसत नाही, आणि निपलचे कोपरे झिजवते. माझे दोन निपल तिनेच गोल केले. शेडमध्ये एकाच मापाची जाड चावी होती, ती घट्ट बसली आणि हाताला लगेच फरक कळला.

नवीन तार घातली, आऊट काढला, चाक सरळ झालं. आणि मग, का कोण जाणे, नखाने एक तार छेडली. 'टिंग.' शेजारची छेडली. 'ढब.'

आईच्या गाण्याच्या वर्गात लहानपणापासून तानपुरे लावत आले आहे. जोडीच्या तारा जुळल्या नसतील तर कानाला बोचतं. डोळ्यांना सरळ दिसणारं ते चाक कानाला पार बेसूर होतं. चेनच्या बाजूच्या सोळाच्या सोळा तारा एका लांबीच्या, एका जाडीच्या. ताण सारखा असेल तर सूरही सारखा यायला हवा. फोनवर स्वर दाखवणारं ॲप लावलं आणि व्हॉल्व्हपासून एक ते सोळा असे कागदी चिकटपट्टीवर आकडे लिहिले. सगळ्यांत चढी तार आणि सगळ्यांत उतरलेली तार यांच्यात जवळजवळ चार अर्धस्वरांचा फरक. म्हणजे सा कुठे आणि गंधार कुठे!

याचा हिशोब असा. सूर दुप्पट चढवायचा तर ताण चौपट लागतो. एका अर्धस्वराचा फरक म्हणजे ताणात सुमारे १२ टक्के. चार अर्धस्वर म्हणजे एका तारेवर दुसरीच्या दीडपटीहून जास्त ताण. आता तुटण्याचं कारण समोर आलं. तार जोर जास्त पडला म्हणून एका क्षणात तुटत नाही. चाक फिरताना जमिनीजवळची तार क्षणभर सैल पडते, वर जाताना पुन्हा ताणली जाते. मुळात ढिली असलेली तार दर फेरीला वाकाच्या जागी हलते, आणि लोखंडी तार हाताने पुढेमागे वाकवून तोडावी तशी थकत जाते. माझं चाक एका किलोमीटरला साधारण ४६० फेऱ्या मारतं. २०० किलोमीटरमध्ये ९० हजारांवर फेऱ्या. आणि एक घट्ट, एक ढिली अशी जोडी असली तरी रिम सरळच दिसते, कारण दोघींच्या चुका एकमेकींना झाकतात. म्हणून आऊट काढणाऱ्याला काही दिसत नाही.

पुढचे तीन तास असे गेले: चढी तार पाव फेरा सैल, उतरलेली पाव फेरा घट्ट, मग छेडून ऐकायचं, मग आऊट बघायचा. डिस्क ब्रेक असल्याने रिमजवळ मापाला ब्रेकपॅड नाहीत, म्हणून चेनस्टेला झिपटाय बांधून त्याचं टोक रिमजवळ आणलं. सूर जुळवला की आऊट यायचा, आऊट काढला की दोन तारा उतरायच्या. घाई केली की बिघडायचं. पाव फेऱ्याहून जास्त एकदाही फिरवायचं नाही हे ठरवल्यावर हळूहळू बसत गेलं. मध्ये मध्ये समांतर जाणाऱ्या दोन तारा मुठीत धरून जोरात दाबायच्या. पिळलेल्या तारा 'पिंग, पिंग' करत मोकळ्या होतात, आणि मग पुन्हा सूर उतरलेला असतो. चार वेळा दाबलं, चौथ्यांदा काहीच आवाज आला नाही. शेवटी सोळा तारा अर्ध्या अर्धस्वराच्या आत आल्या, म्हणजे ताणातला फरक ६ टक्क्यांच्या आसपास. डिस्कच्या बाजूचा सूर वेगळा, खालचा, तो तसाच असायला हवा. तिकडच्या सोळा आपसात जुळवल्या.

मग एकामागून एक सगळ्या तारांवरून नख फिरवलं. एकच आवाज, गोल फिरत. मालकीणबाई कॉफी घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांनी कप खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी सामान न लादता चाचणी म्हणून नदीच्या उत्तर काठाने व्हूव्रेला जाऊन आलो. पांढऱ्या तुफो दगडाच्या कड्यात खोदलेल्या तळघरांचं गाव, आणि वर पठारावर द्राक्षं. जात शनँ ब्लाँ, आपल्या नाशिककडे चेनिन म्हणून लावतात तीच. घरी आता गोडी छाटणीची (फळासाठीच्या छाटणीची) तयारी चालली असेल आणि इथे सप्टेंबरमध्ये घड अजून वेलीवर, तोडणी व्हायची आहे. आपण वर्षात दोनदा छाटून वेलीला हिवाळ्यात फळ द्यायला लावतो, इथे थंडीत वेल झोपते आणि वर्षातून एकदाच पीक देते. एका पेल्यात कोरडी, दुसऱ्यात अर्धगोड चाखली. अर्धगोडीत पिकलेल्या पेरूसारखा वास आणि मागून चांगली आंबट धार. नाशिकची चेनिन त्यापुढे कोवळी वाटते, पण ओळख पटते.

विलाँद्रीची भाज्यांची बाग आणि आझे-ल-रिदोचा शातो यांच्याबद्दल सविस्तर नंतर. फक्त एवढंच, विलाँद्रीत कोबी आणि भोपळेसुद्धा रांगोळीसारखे मांडलेले आहेत.

शिनोंबद्दल मात्र लिहायलाच हवं. आपल्या गडांवर वाढलेल्या माणसाला शाँबोर किंवा आझे किल्ला वाटत नाही, ते राजाचे आणि सरदारांचे वाडे आहेत. शिनों हा किल्ला आहे. नदीवर आलेल्या लांब सोंडेवर तटबंदी, खंदकांनी तोडलेले तीन भाग. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री ११८९ मध्ये इथे वारला, १४२९ मध्ये जोन ऑफ आर्क इथे येऊन सातव्या चार्ल्सला भेटली. तटावरून खाली पाहिलं तर पाट्यादगडी छपरं, नदी आणि पलीकडे काबेर्ने फ्राँ द्राक्षांचे मळे. वर यायचा चढ तीव्र आहे, पूर्ण सामानासह पेडल मारत आले, मुद्दाम. चाकाने हूं की चूं केलं नाही.

योजना अशी होती की इथून सोम्युर, आँजे आणि नाँत. पण थकलेली तार ताण जुळवल्याने बरी होत नाही, आधीच झालेली झीज तिच्यात राहतेच. योग्य मापाच्या तीन तारा हाताशी आहेत, म्हणून भीती नाही, पण रोज ७० किलोमीटरची घाई आता नको. उद्या काँद-सँ-मार्ताँला, जिथे व्हिएन लुआरला मिळते, मग फोंतेव्रोच्या मठात, जिथे त्याच दुसऱ्या हेन्रीला पुरलं होतं, आणि रात्री सोम्युर. तिथून नाँत रद्द. हे लिहिता लिहिताच ठरलं, दादाला अजून सांगायचं आहे. वाचलेल्या दोन दिवसांत सोम्युरची तुफोची तळघरं आणि नदीकाठी सावकाश भटकंती, मग लोकल गाडीने परत.

आणि घरी गेल्यावर हे चाक दुरुस्त करत बसणार नाही. हब (चाकाचा मधला तुंबा) तोच ठेवून सगळ्या तारा नव्या, असा विचार होता, पण हब ३२ भोकांचा आहे. सामान लादून चालवायचं तर ३६ का नको? मग हबही नवा, आणि चाक स्वतः बांधणार, कानाने. दिवाळीनंतर दिंडोरीवरून रामशेज किल्ल्याला जाऊन यायचं, हीच त्याची पहिली परीक्षा. ३६ भोकांचा, डिस्कचा, १३५ मिलिमीटरचा मागचा हब आणि त्याला जोडीची मजबूत रिम तुमच्यापैकी कोणी अलीकडे घेतली असेल तर कुठून घेतली आणि तारा कोणत्या जाडीच्या वापरल्या, ते कळवा. मी २ मिलिमीटरच्या सरळ तारांऐवजी मध्ये बारीक होणाऱ्या वापरायच्या म्हणते आहे. चेनच्या बाजूलाही चालतील का?