रेईश मागूश आणि आठवीची पोरं

आठवीची सहल घेऊन यंदा गोव्यातल्या रेईश मागूश किल्ल्यावर गेलो, आणि शिक्षक म्हणून असा दिवस फार क्वचित मिळतो म्हणून लिहितोय. आम्ही सावंतवाडीकडचे, गोवा हाकेच्या अंतरावर, पण पोरांना गोवा म्हटलं की बीच सोडून काही आठवत नाही.

किल्ला लहानच. मांडवीच्या काठाला टेकडीवर, खाली चर्च, समोर पणजी. पोर्तुगीजांनी १५५१ ला बांधला, पुढे त्याचं जेल झालं ते पार १९९३ पर्यंत, मग पडझड, आणि नंतर गोवा सरकार, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि लंडनच्या हेलन हॅम्लिन ट्रस्टनं मिळून दुरुस्त करून २०१२ ला लोकांसाठी उघडला. काम खरंच मनापासून केलंय. बुरुजावर तोफांपाशी उभं राहिलं की नदीचं तोंड समोर दिसतं, पलीकडच्या काठावर मिरामारला पूर्वी गास्पर दियशचा किल्ला होता, म्हणजे दोन्हीकडून तोफा रोखल्या की जहाज आत येणार कसं, हे फळ्यावर मी कितीदा काढलं असेल पण पोरांना तिथं बघताक्षणी कळलं.

आत शिरायच्या वाटेवर छताला एक भोक आहे, घुसणाऱ्यांवर वरून उकळतं तेल ओतायला. पोरं माना वर करून बघत होती. मी सांगितलं, १७३९ ला आपल्या सावंतवाडीच्या भोसल्यांच्या फौजेनं हा अख्खा बारदेस प्रांत घेतला, फक्त आग्वादचा किल्ला आणि हा किल्ला तेवढे हाती लागले नाहीत. एक मुलगा, वर्गात कधी तोंड न उघडणारा, एकदम म्हणाला, "सर, म्हंजे ह्यां तेल आमच्यार ओततले होते?"

सगळी गप्प. मग जो प्रश्नांचा मारा सुरू झाला! शिड्या होत्या का, नदीकडनं का नाही आले, पाणी तोडलं असतं तर. स्वातंत्र्यसैनिकांच्या दालनात तर एक मुलगी कितीतरी वेळ हलेना, ज्या भिंतींनी आपल्याला बाहेर ठेवलं त्यांच्याच आत गोवा सोडवायला निघालेली माणसं डांबली होती, हे तिला पटतच नव्हतं. मलाही तिथं उभं राहून ते पहिल्यांदाच इतकं लागलं. पुस्तकात गोवामुक्ती म्हणजे १९६१, एक मार्काचा प्रश्न.

परतताना बसमध्ये गाणी नाहीत, बांदा येईपर्यंत वेढा कसा घालायचा यावरच भांडणं. मुख्याध्यापकांना सांगून टाकलंय, पुढच्या वर्षीही किल्लाच, आणि १७३९ चा धडा आधी वर्गात घेऊन मगच न्यायचं.