भरपाईचा निकाल विरोधात गेला, तर अपील कशावर करायचं?

हे कामावरची इजा किंवा मृत्यू यासाठी भरपाई देणाऱ्या 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखालच्या निकालांबद्दल आहे. ही प्रकरणं ऐकणाऱ्या नुकसानभरपाई आयुक्तांच्या निकालावर कलम 30 नुसार थेट उच्च न्यायालयात अपील होतं. मुदत 60 दिवस. उशीर झालाच तर सबळ कारणासह विलंबमाफीचा अर्ज जोडावा. निकालाची प्रमाणित प्रत मात्र त्याच आठवड्यात मागा.

बहुतेक अपिलं अडतात ती कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर; तसा प्रश्न असल्याशिवाय अपील टिकत नाही. ‘रक्कम कमी दिली’ एवढं पुरत नाही. अपंगत्वाची टक्केवारी हा वस्तुस्थितीचा भाग, आणि त्यात अंतिम शब्द आयुक्तांचा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये स्पष्ट केलं. म्हणून डॉक्टरांची साक्ष, पगाराचा पुरावा आयुक्तांपुढेच भक्कम हवा. पण वयानुसारचा गुणक (भरपाई काढताना पगाराच्या भागाला ज्याने गुणतात तो आकडा) चुकला, 12 टक्के व्याज दिलंच नाही किंवा महत्त्वाचा पुरावा विचारातच घेतला नाही, तर मुद्दा उभा राहतो.

भरपाई देण्याच्या आदेशाविरुद्ध मालकाला अपील करायचं, तर आधी रक्कम आयुक्तांकडे भरून तसा दाखला जोडावाच लागतो. दाखला नसेल तर कामगाराच्या वकिलाने पहिल्याच तारखेला हरकत घ्यावी. कलम 30-अ खाली अपिलाचा निकाल लागेपर्यंत ती रक्कम अडकवून ठेवता येते. घरातला कमावता माणूस गेला असेल, तर निदान काही भाग काढू देण्याचा अर्ज लगेच करा.