आलो, आलो!

दाराची बेल वाजली की मी आतूनच "आलो आलो" म्हणतो आणि जागचा हलत नाही. बहुतेकांचं असंच असावं. व्याकरणात "आलो" म्हणजे येऊन झालं, आणि इकडे माणूस अजून खुर्चीतच असतो, चपलेत पायसुद्धा घातलेला नसतो. बाहेरच्याला मात्र त्या "आलो"च्या सुरावरून बरोब्बर कळतं की आत कुणीतरी वैतागलंय.

आता गंमत अशी की कॅथलिक संतांमध्ये एक संत असे आहेत ज्यांची सगळी साधना म्हणजे हे "आलो"च. अल्फान्सो रॉड्रिग्ज, स्पेनचे, सोळाव्या शतकातले. घरचा लोकरीचा धंदा, तो बुडाला, बायको गेली, मुलं गेली, आणि चाळिशीच्या आसपास हा माणूस जेज्विटांच्या, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाच्या, दारात गेला तर शिक्षण अर्धवट, त्यामुळे फादर, म्हणजे धर्मगुरू, काही होता आलं नाही, साधा ब्रदर म्हणून घेतलं आणि मायोर्का बेटावर पाल्माच्या कॉलेजात दारावर बसवलं. तिथे चाळीसहून जास्त वर्षं. दार उघडा, निरोप द्या, दार लावा. त्यांच्याबद्दल सांगतात की दारावर थाप पडली की ते "आलो, प्रभू" म्हणत उठायचे, म्हणजे बाहेर ख्रिस्तच उभा आहे असं धरूनच. बाहेर असणार कोण, तर कुणी भिकारी, कुणी उशिरा आलेला विद्यार्थी. त्यातल्याच एका विद्यार्थ्याला, पीटर क्लेव्हरला, त्यांनी लांब अमेरिकेत जाऊन काम कर असं सांगितलं, आणि तो गेला आणि आजच्या कोलंबियातल्या कार्ताहेनाच्या बंदरात जहाजातून उतरवलेल्या आफ्रिकन गुलामांची सेवा करत त्याने आयुष्य काढलं. १८८८ साली दोघांना एकाच दिवशी संतपद मिळालं, दारवान आणि त्याचा शिष्य.

संतचरित्रं मी खूप वर्षं चमत्कारासाठीच वाचली, खोटं कशाला बोलू. कुपर्तिनोचे जोसेफ प्रार्थनेत हवेत तरंगायचे म्हणे, पण मला दोन जिने चढून धाप लागते, मी त्यांच्याकडून काय घेणार? संतांच्या गोष्टींतले सिंह, बाण, जखमा हे सगळं थोर आहेच, पण सोमवारी सकाळी त्याचा काय उपयोग करायचा ते सुचत नाही. मग हळूहळू मी चरित्रातली दुसरीच पानं शोधायला लागलो, जिथे संताला कंटाळा आलाय, झोप आलीये, डोकं फिरलंय.

या बाबतीत फ्रान्समधल्या लिझ्यूच्या तेरेझाला तोड नाही. पंधराव्या वर्षी कार्मेल नावाच्या संघाच्या, जोगिणींच्या मठात गेली आणि १८९७ साली चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली, एवढंच आयुष्य. तिने स्वतःच लिहून ठेवलंय की संध्याकाळच्या ध्यानाला तिच्या मागे एक सिस्टर बसायची आणि तोंडाने कसलातरी आवाज करायची, दोन शिंपले एकमेकांवर घासल्यासारखा. बारीकसाच, पण चालूच. ज्यांनी शेजाऱ्याच्या पेनची टिकटिक सहन केलीये त्यांना कळेल. तेरेझाला मागे वळून एकदा नुसतं बघायचं होतं, तेवढ्याने भागलं असतं, पण ती वळली नाही, तिला अक्षरशः घाम फुटायचा. आवाज ऐकू येऊ नये म्हणून धडपड केली, जमलं नाही. शेवटी तिने उलटं केलं, तो आवाजच कान देऊन ऐकायला लागली, जणू काही मोठी मैफल आहे, आणि तेच ऐकणं देवाला वाहिलं. राग गेला असं ती म्हणत नाही हां, हे मला फार आवडतं. कपडे धुताना समोरची सिस्टर तिच्या तोंडावर मळकं पाणी उडवायची तीही गोष्ट आहे. पहिली इच्छा काय, तर मागे सरून तोंड पुसावं म्हणजे तिला कळेल! आपण अगदी हेच करतो, बोलत नाही पण पुसतो मात्र दिसेल असं. आणि प्रार्थनेत तिला झोप यायची, तर तिचं म्हणणं, मुलं झोपलेली असोत की जागी, आईबापांना सारखीच आवडतात. मी हे वाक्य नको तितक्या वेळा वापरलंय.

स्पेनमधल्या आविलाची थोरली तेरेझासुद्धा तशीच, एवढी मोठी संत पण प्रार्थनेचा तास कधी संपतोय याकडे तिचं कित्येक वर्षं लक्ष असायचं, ते तिने कबूल केलंय. आणि जेरोम तर विचारूच नका. बायबल लॅटिनमध्ये आणणारा प्रचंड विद्वान, पण पत्रं अशी बोचरी की रुफिनस नावाच्या जुन्या मित्राशी कायमचं फाटलं. चर्चच्या कॅलेंडरमध्ये जेरोमचा सण ३० सप्टेंबर आणि धाकट्या तेरेझाचा १ ऑक्टोबर. सगळ्यात तापट माणसाच्या शेजारी तिला बसवलंय, आता इथेही मागून आवाज येत असणारच.

तर मी ठरवलं, आपल्याला झेपेल असा एकच संत घ्यायचा, तो दारवान. बेल वाजली की "आलो, प्रभू". पहिल्या दिवशी विसरलो. दुसऱ्या दिवशी आठवलं पण ते इतक्या खेकसून म्हणालो की बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. तिसऱ्या दिवशी मनातल्या मनात म्हटलं, वेळेवर उठलो, चेहरा जरा नीट केला आणि दार उघडलं, तर कुरियरवाला, घामाघूम, हातात मशीन.

प्रभूंनी ओटीपी मागितला.

फोन आत राहिला होता. "आलो हां," म्हटलं, आणि परत आत वळलो.