सनद मिळाल्यानंतरची पहिली वही

गेल्या महिन्यात आमच्या तालुका बारच्या, म्हणजे वकील संघाच्या, खोलीत, नुकतीच सनद मिळालेल्या अकरा वकिलांशी व्यावसायिक आचारसंहितेविषयी बोलण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. न्यायालय, अशील, प्रतिपक्ष आणि सहकारी यांच्याप्रती वकिलाची कर्तव्ये, या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या (वकिली व्यवसायावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) नियमांतील क्रमानेच मी टिपणे काढून नेली होती. मी दुसऱ्या टिपणावर आलो असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. वाटपाच्या दाव्यासाठी तिच्या अशिलाने तिच्या मोबाइलवर ८,५०० रुपये पाठवले होते. त्यात कोर्ट फी, समन्सचा भत्ता, नकलांचा खर्च आणि तिची फी असे सगळेच होते, आणि ज्या खात्यात ते जमा झाले त्याच खात्यातून दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीचे भाडे वळते झाले होते. "सर, यातले माझे नक्की किती?" असे तिने विचारले. पुढचा दीड तास आम्ही त्याच प्रश्नावर बोललो आणि माझी उरलेली टिपणे तशीच राहिली.

मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला, कारण माझ्या पाहण्यात नवा वकील पहिल्यांदा अडखळतो तो न्यायाधीशांसमोर नव्हे, तर अशिलाच्या पैशापाशी. त्यात बहुतेक वेळा लबाडी नसते. नोंद ठेवण्याची सवय कोणी लावलेली नसते, एवढेच असते. नियम मात्र याबाबतीत अगदी स्पष्ट आहेत. अशिलाकडून किंवा त्याच्या वतीने आलेल्या प्रत्येक रकमेचा हिशेब वकिलाने ठेवला पाहिजे, आलेली रक्कम फीपोटी आहे की खर्चापोटी हे नोंदीत लिहिले पाहिजे, आणि प्रकरण चालू असताना खर्चासाठी आलेले पैसे अशिलाच्या लेखी संमतीशिवाय फीकडे वळवता येत नाहीत. अशिलासाठी एखादी रक्कम वकिलाच्या हाती आली, तर ती आल्याचे शक्य तितक्या लवकर त्याला कळवावे लागते, आणि अशिलाने मागितल्यास हिशेबाची प्रत द्यावी लागते. हे सगळे पाळण्यासाठी एक साधी वही पुरते, परंतु ती पहिल्या वकीलपत्राच्या दिवशी उघडावी लागते. सहा महिन्यांनी मागचे आठवून भरलेली वही हिशेब म्हणून कोणाच्याही उपयोगाची नसते.

त्या मुलांना मी हरीशचंद्र तिवारी विरुद्ध बैजू हे प्रकरण सांगितले. बैजूची जमीन शासनाने संपादित केली होती आणि मोबदल्याची रक्कम न्यायालयात जमा होती. ती मिळवून देण्यासाठी त्याने वकील लावला. वकिलाने १९८७ मध्ये ८,११८ रुपये काढले आणि अशिलाला दिलेच नाहीत. तक्रार झाल्यावर, फी आणि खर्च वजा करून पैसे परत केले असा बचाव वकिलाने घेतला, आणि पुढे तडजोड झाल्याचे बैजूच्या नावाचे प्रतिज्ञापत्रही सादर झाले. ते आपले नव्हेच, असे बैजूने सांगितले. बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीने वकिलाची सनद तीन वर्षांसाठी निलंबित केली होती. वकील त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २००२ मध्ये न्यायालयाने ती शिक्षा अपुरी ठरवून त्याचे नाव वकिलांच्या यादीतूनच काढून टाकण्याचा आदेश दिला. रक्कम मी मुद्दाम दोनदा उच्चारली, कारण खोलीतल्या प्रत्येकाने तेवढे पैसे एव्हाना हाताळलेले होते.

हे सगळे विधी महाविद्यालयात शिकवत नाहीत असे नाही. व्यावसायिक नीती आणि हिशेबपद्धती हा तिथे सक्तीचा विषय आहे. परंतु तो बहुतेक ठिकाणी कलमे पाठ करून निभावून नेला जातो. २०११ पासून सुरू झालेल्या अखिल भारतीय बार परीक्षेतही शंभर प्रश्नांपैकी या विषयाला चारच प्रश्न ठेवलेले आहेत. बार कौन्सिलने १९९५ मध्ये सनदेपूर्वी एक वर्षाच्या प्रशिक्षणाचा नियम केला होता, तो व्ही. सुधीर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली रद्द केला, कारण असे प्रशिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार १९७३ च्या दुरुस्तीने वकिलांविषयीच्या कायद्यातून काढून टाकलेला होता, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. पुढे बार परीक्षेच्या वैधतेचा प्रश्न आला तेव्हा, त्या निकालातील मत मान्य करता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाच्याच घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये म्हटले, आणि परीक्षा टिकली. प्रशिक्षणाचे ते वर्ष मात्र काही परत आले नाही. त्यामुळे आज नव्या वकिलाचे नीतिशिक्षण त्याला कोणता सिनिअर मिळतो यावर अवलंबून आहे, आणि ही गोष्ट मला मनापासून खटकते.

त्यात पैशाची बाजू कोणी बोलून दाखवत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने ज्युनिअरला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही, आणि आमच्याकडच्या कितीतरी ज्युनिअरना दुचाकीच्या पेट्रोलपुरतेही पैसे मिळत नाहीत. ज्याच्या खिशात स्वतःचे काहीच नाही त्याच्या हाती न्यायालयाच्या व्हरांड्यात दुसऱ्याचे पैसे द्यायचे आणि मग त्याला सचोटीवर व्याख्यान ऐकवायचे, हे मला न्याय्य वाटत नाही. ज्युनिअरला वेळेवर चार पैसे देणे हा सिनिअरच्या नीतीचा भाग आहे, आणि प्रशिक्षणाची सुरुवात खरे तर तिथून व्हायला हवी.

मला स्वतःला जे शिकायला मिळाले ते एका चुकीतून. उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी मी डायरीत १४ तारखेऐवजी २४ तारीख लिहिली. पुकारा झाला तेव्हा आमच्या बाजूने कोणीच हजर नव्हते, प्रतिवादीचे वकील हजर होते, आणि रस्त्याच्या हक्काचा तो दावा गैरहजेरीमुळे काढून टाकण्यात आला. दोन दिवसांनी अशील आला, तेव्हा मी त्याला "पुढची तारीख पडली आहे" असे सांगून वाटेला लावले. संध्याकाळी माझ्या सिनिअरनी नेहमीप्रमाणे डायरी आणि बोर्ड (न्यायालयाची त्या त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी) ताडून पाहिले आणि मला एवढेच विचारले, "त्यांना काय सांगितलेस?" दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते मला घेऊन त्या गावी गेले. अशील गोठ्यात धार काढत होता. सिनिअर दारात उभे राहिले आणि "तूच सांग" म्हणाले. मी सांगितले. तो माणूस हातातली चरवी खाली ठेवून बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे वकीलसाहेब, दावा गेला का आपला?"

दावा गेला नव्हता, कारण तो पुन्हा चालू करून घेण्यासाठी तीस दिवसांची मुदत हाताशी होती. त्यासाठीच्या रिस्टोरेशनच्या अर्जासोबत जे प्रतिज्ञापत्र जोडले त्यात तारीख चुकीची लिहिल्याचे मी माझ्या नावाने, कोणतीही सबब न घालता कबूल केले. न्यायालयाने प्रतिपक्षाला खर्च देण्याच्या अटीवर दावा पुन्हा नंबरावर घेतला, आणि तो खर्च सिनिअरनी स्वतःच्या खिशातून भरला. चूक अशिलापासून लपवणे हा चुकीपेक्षा मोठा दोष आहे हे मी पुस्तकात वाचलेले होते, तरी त्या गोठ्यात उभे राहीपर्यंत ते मला कळलेले नव्हते. म्हणून मला वाटते की प्रशिक्षणात प्रत्येक नव्या वकिलाकडून एकदा तरी असे बोलणे करवून घ्यावे. समोर कोणीतरी अशील म्हणून बसावे, आणि "तुमच्या कामात माझ्याकडून चूक झाली आहे" हे वाक्य नव्या वकिलाने पूर्ण उच्चारावे. बहुतेकांना ते पहिल्या खेपेला जमत नाही.

बाकीच्या गोष्टींना त्या दिवशी थोडाच वेळ मिळाला. फी थकली म्हणून अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हे आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली ठरले आहे, तरीही अर्ध्या मुलांना ते नवीन होते. दाभोळकर प्रकरणही मी सांगितले: मुंबईच्या एस्प्लनेड न्यायालयाच्या दाराशी पक्षकार दिसताच त्याच्याकडे धावणाऱ्या, कागद हिसकावणाऱ्या, प्रसंगी एकमेकांशी झटापट करणाऱ्या वकिलांविरुद्ध महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने चालवलेले ते प्रकरण १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. आज तीच धावाधाव मोबाइलवरच्या रील्समधून चालते, आणि वकिलांवरचा जाहिरातबंदीचा नियम तिथेही लागू आहे. यावर दोघांनी माझ्याशी वाद घातला. वाद चांगला होता, आणि पुढच्या बैठकीचा अर्धा वेळ आम्ही त्यासाठी राखून ठेवला आहे.

आठवड्याने ती मुलगी मला न्यायालयाच्या जिन्यात भेटली. तिने शंभर पानी वही घेतली होती आणि पहिल्या पानावर उभ्या रेघा मारून तारीख, तपशील, खर्च आणि फी असे रकाने पाडले होते. अशिलाला फोन करून तिने ८,५०० पैकी ५,३०० फी आणि ३,२०० खर्च असे ठरवून घेतले होते. खर्चातले १,९४० पावत्यांसह लिहिलेले होते आणि १,२६० शिल्लक दाखवले होते. ही शिल्लक आता वेगळ्या खात्यात ठेवायची म्हणून ती दुपारच्या सुट्टीत बँकेत निघाली होती.