चार करवंट्या आणि तीन सुट्या बिया

४३ − १७ = ३४.

पेडण्याकडच्या एका मराठी प्राथमिक शाळेतल्या बाईंनी वहीच्या पानाचा हा फोटो आमच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. खाली लिहिलं होतं, 'दुसरीतली मुलगी. हातच्याची वजाबाकी कितीदा समजावली, तरी असंच. काय करू?'

गोव्यातल्या कितीतरी मराठी प्राथमिक शाळा एकशिक्षकी आहेत. पहिली ते चौथी एकाच खोलीत, हजेरी, माध्यान्ह आहार, कागदपत्रं सगळं एकाच माणसाकडे. एखादं मूल कुठं अडतंय हे बोलायला शेजारी दुसरा शिक्षकच नाही. प्रशिक्षणाच्या कामात मला हे एकटेपण फार खुपत आलं आहे. म्हणून पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या शिक्षकांना या गटात आणलं. सुप्रभात नको, फॉरवर्ड नको. मुलाचं नाव झाकून वहीचं पान टाकायचं आणि स्वतःला खरोखर पडलेला प्रश्न विचारायचा.

त्या दिवशी पहिली उत्तरं नेहमीचीच आली. 'सराव वाढवा.' 'लक्ष नसेल.' दोन-चार अंगठे.

चूक ओळखीची होती. मूल प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं. सातातून तीन गेले चार, चारातून एक गेला तीन, झाले ३४. ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं की अशा पुष्कळ चुका बेफिकिरीच्या नसतात. मूल एक चुकीची रीत अगदी नेमाने पाळत असतं. हे सगळं मी लिहिलं असतं, तर सगळ्यांनी 'धन्यवाद मॅडम' म्हटलं असतं आणि विषय तिथंच मिटला असता. प्रशिक्षकाने पहिलं उत्तर दिलं की बाकीचे एकमेकांशी बोलायचं सोडून त्याच्याकडे बघत बसतात. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमध्ये मोजलं होतं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. ते तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारीही बोलतात. फोनवरच्या गटात ते तीन सेकंद म्हणजे अर्धा दिवस, असा माझा अनुभव. मी थांबले.

दुपारी डिचोलीच्या सरांनी लिहिलं, 'बाई, हे कसं केलंस, असं तिला विचारलंत का?'

ते वाचून मला किती आनंद झाला, सांगता येत नाही. उपाय सुचवण्याआधी मुलाला विचारावं, हे मी कितीतरी कार्यशाळांत सांगत आले होते. इथं एका शिक्षकाने ते दुसऱ्याला आपणहून सुचवलं. शाळा सुटण्याआधी बाईंचं उत्तर आलं. मुलगी म्हणाली होती, 'तीनातून सात जात नाहीत. म्हणून सातातून तीन घालवले. बेरजेत उलट चालतं ना?'

मग गट जागा झाला. कुणी म्हणालं, पोर विचार करतेय की! कुणी नोटा-नाणी सुचवली, तर फोंड्याच्या सरांनी हरकत घेतली: आता दुकानात सगळे मोबाइलनेच पैसे देतात, सुटे पैसे मुलांच्या हातात येतात कुठं? कुणी नारळाच्या हिरांचे दहा-दहाचे गठ्ठे सुचवले.

आणि संध्याकाळी सत्तरी तालुक्यातल्या एका बाईंचा फोटो आला. गटात आल्यापासून त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. जमिनीवर चार करवंट्या, प्रत्येकीत दहा काजूबिया, बाजूला तीन सुट्या. खाली मजकूर: 'सुट्या सात मागायच्या. मूल तीन देतं आणि अडतं. आपण बोलायचं नाही. एक करवंटी उपडी करायला त्याला आपणच सुचतं. मग सुट्या तेरा. त्यातल्या सात गेल्या, उरल्या सहा. उरलेल्या तीन करवंट्यांतली एक द्यायची. हे हातांना कळलं की मगच वही.'

किती वर्षं असं शिकवताय, असं कुणीतरी विचारलं. 'पहिल्यापासून,' त्या म्हणाल्या. 'तुमचं सगळं वाचत होते. माझ्याकडे लिहिण्यासारखं काही असेल असं वाटलं नव्हतं.'

वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांबद्दल एक ढोबळ प्रमाण मांडलं: शंभरातले नव्वद नुसतं वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि बहुतेक सगळं एकटाच लिहितो. गट चालवणारे अनेकजण या नव्वदांना निष्क्रिय म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. लेव्ह आणि वेंगर या संशोधकांनी १९९१ मध्ये लिहिलं, की नवखा माणूस आधी कडेला राहून शिकतो आणि ते कडेला असणंही सहभागच असतं. सत्तरीच्या बाई कामात नवख्या मुळीच नव्हत्या, लिहिण्यात होत्या. त्यांच्या हातातली गोष्ट ज्याचं उत्तर ठरेल असा प्रश्न तोवर गटात आलाच नव्हता. तसे प्रश्न येत राहतील हे पाहणं, हे माझं काम.

दुसऱ्या दिवशी पेडण्याहून निरोप: करवंट्या मांडल्या, २६ आले. शिवाय पोरीने स्वतःच विचारलं, 'चाळीसातून सतरा? सुट्या बियाच नसल्या तर?' तिथून चर्चा ४०३ − १७ वर गेली. दशकाच्या जागी शून्य असताना आधी शंभर बियांची पिशवी सोडायची, हे सगळ्यांना मान्य. पण ती पिशवी मुलाने सोडायची की शिक्षकाने सोडून दाखवायची, यावर डिचोली आणि फोंड्याचं अजून जमलेलं नाही.

पुढचा प्रश्न तुम्ही ठेवाल का, असं मी सत्तरीच्या बाईंना फोनवर विचारलं. 'बघते हां,' म्हणाल्या. सोमवारी चौथीच्या भागाकाराचं पान आलं.