तुम्ही विचारलंत म्हणून: यामातो सोडून कायबोकान का?

जपानी आरमाराबद्दल लिहितो म्हटलं की लोक हमखास विचारतात, ‘यामातोसारखी महाकाय युद्धनौका सोडून तुम्ही या छोट्या कायबोकानांच्या, म्हणजे मालवाहू ताफ्यांची राखण करणाऱ्या नौकांच्या, मागे का?’

कारण जपानचं युद्ध तेलावर चाललं होतं, आणि सिंगापूरहून ते तेल आणणाऱ्या टँकरांची राखण यामातो करत नव्हती, कायबोकान करत होत्या.

डिसेंबर 1941 मध्ये जपान अमेरिकेविरुद्ध युद्धात उतरला तेव्हा अशा नव्या नौका होत्या फक्त चार, शिमुशु वर्गातल्या. त्याही मुळात कुरिल बेटांकडच्या मासेमारीच्या संरक्षणासाठी बांधलेल्या. प्रत्येकीवर सुरुवातीला डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटून पाणबुडी बुडवणारे बॉम्ब, होते जेमतेम 18. आरमाराचं सगळं लक्ष एका निर्णायक लढाईकडे लागलेलं. व्यापारी जहाजांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र मुख्यालय निघालं ते थेट नोव्हेंबर 1943 मध्ये. तेल, लोखंड, धान्य समुद्रावरून आणणाऱ्या देशाने एवढा उशीर करावा, हे मला अक्षम्य वाटतं.

मग मात्र अभियंत्यांनी कमाल केली. जहाजाच्या अंगाची वळणं जमेल तिथे काढून सपाट पत्रे वापरले, भाग वेगवेगळे वेल्डिंग करून गोदीत जोडले. 1944 पासून ‘क’ आणि ‘ड’ प्रकारच्या नौका भराभर उतरू लागल्या. त्यांना नावं नव्हती, नुसते क्रमांक. प्रत्येकीवर 120 डेप्थ चार्ज. वेग मात्र साडेसोळा-साडेसतरा नॉट, म्हणजे पृष्ठभागावरून पळणारी अमेरिकी पाणबुडीसुद्धा त्यांना मागे टाकायची! डिझेल इंजिनं पुरेशी मिळत नव्हती, म्हणून ‘ड’ प्रकारावर मालवाहू जहाजांचीच टर्बाइनं बसवली होती.

22 ऑगस्ट 1944 रोजी मनिलाजवळ हार्डर आणि हॅडो या अमेरिकी पाणबुड्यांनी मात्सुवा, सादो आणि हिबुरी या तीन कायबोकान बुडवल्या. दोनच दिवसांनी कायबोकान क्रमांक 22 ने डेप्थ चार्ज टाकून हार्डर बुडवली, सगळ्या खलाशांसह. जपानी विनाशिका बुडवण्यासाठी गाजलेली पाणबुडी नाव नसलेल्या, नुसता क्रमांक असलेल्या नौकेने संपवली. पण टँकर बुडत राहिले. युद्ध संपेपर्यंत सुमारे 170 कायबोकान बांधल्या गेल्या आणि सत्तरच्या आसपास नष्ट झाल्या.

वाचलेल्यांपैकी अनेकींनी नंतर परदेशात अडकलेले जपानी सैनिक आणि नागरिक मायदेशी आणले. पुढे त्यांतल्या बऱ्याच अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत संघ आणि चीन यांच्यात वाटल्या गेल्या.