कापडाखालची पट्टी

रविवार, रात्र

रेडिओ घरात आल्यापासून जो तो एकच विचारतोय, "लागतो का?" माहीत नाही, आणि इतक्यात करूनही घ्यायचं नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या व्हॉल्व्ह सेटचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या जुन्या रेडिओचा, प्लग थेट भिंतीत खुपसला तर आतले जुने कागदी कंडेन्सर आणि त्यांच्यामागोमाग ट्रान्सफॉर्मर जायची भीती. ते काम निराळं, त्याचा जाणकार निराळा. माझा जीव आहे तो लाकडी खोक्यात आणि त्याच्या तोंडावरच्या कापडात.

आज चेसिस, म्हणजे सगळे भाग बसवलेला धातूचा सांगाडा, बाहेर काढलं. बटणांच्या बगलेतले बारीक स्क्रू गंजून बसले होते. तेलाचा थेंब सोडून ठेवला, दुपारी मुकाट्याने फिरले. तळाचे बोल्ट सुटले, पण त्यांच्याखालच्या रबरी चकत्यांचा दगड झालाय. स्पीकरचा शंकू (कोन) कागदी, त्यामुळे तो आधी काढून, तोंड झाकून, उंचावर ठेवला. या घरात उंचावर ठेवलेलंच काय ते सुरक्षित.

खोक्याच्या छताला आतून, व्हॉल्व्हच्या बरोबर वर, पांढुरका जाड कागद चिकटवलेला आहे. उष्णता अडवायला काही जुन्या सेटमध्ये तिथे अ‍ॅस्बेस्टॉस लावत. हा तो आहे की साधा पुठ्ठा, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. म्हणून त्याला हात लावला नाही, ब्रशही नाही.

डायलची काच बाहेरून पुसली. आतून फक्त कोरडा मऊ ब्रश फिरवला, तोही जपून. स्टेशनांची नावं काचेला आतल्या अंगाने छापलेली असतात आणि ओलं फडकं एकदा फिरलं की अख्खा शॉर्टवेव्ह साफ.

मंगळवार

आज जाळीचं, म्हणजे स्पीकरसमोरचं, कापड काढलं. ते एका पातळ फळीवर चिकटवलेलं होतं आणि कडांवर लाकडी पट्ट्या ठोकलेल्या. पट्टी उचलली आणि खाली बोटभर रुंदीचं जे कापड दिसलं, ते बघतच राहिलो. साय रंगाची वीण, त्यात तपकिरी-लाल रेघ, आणि दर रेघेच्या काठाने चकचकीत सोनेरी जरीसारखा धागा. समोरून मात्र तेच कापड सरसकट चहाच्या चोथ्याच्या रंगाचं. धूळ, धूर आणि ऊन यांनी मिळून बनवलेला हा रंग कुठल्याही कारखान्यात विणलेला नाही. आणि आम्ही सगळे त्यालाच "काय सुंदर जुना रंग!" म्हणत होतो.

धुऊन बघायचा मोह झाला, पण आवरला. अशा कापडांत सुताबरोबर बरेचदा रेयॉन असतं, आणि रेयॉन ओलं झालं की त्याचा जोर निम्म्याच्या आसपास उतरतो. त्यात उन्हाने जळलेले धागे. स्पीकरच्या भोकाशी चिमटीत धरलं तर वीण आवाज न करता विरली. म्हणजे बदलणं आलंच.

पण कुठल्या रंगाचं आणायचं? लपलेल्या पट्टीशी जुळणारं लख्ख सोनेरी लावलं तर शेजारचं लाकूड मळकट दिसणार. मग लाकूड तासून नवं करा, मग डायलची काच पिवळी वाटणार, मग बटणं. एका भिंतीला रंग काढला की बाकीच्या तीन बोलायला लागतात, तसं. एवढं सगळं करून हाती काय, तर दुकानातून आज आणल्यासारखा रेडिओ. तो मला नको होता. कापड आणि लाकूड एकाच हवेत, एकाच खोलीत बरोबरीने जून झालंय. एकाला वेगळं काढून तरुण केलं की दुसऱ्याचा अपमान होतो, असं माझं मत. दुसऱ्या मताची माणसं आहेत, आणि त्यांचे रेडिओ आरशासारखे चमकतात. चमकोत.

गुरुवार

लाकूड. आधी मळ. साबणाच्या सौम्य पाण्यात फडकं बुडवून, करकचून पिळून, विनियरच्या, म्हणजे वर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या, रेषेच्या दिशेने फिरवलं आणि लगेच कोरडं पुसलं. फडकं काळं झालं, लाकूड नाही, म्हणजे बरोबर चाललंय.

मग पॉलिश कसलं आहे ते बघितलं. तळाला, जिथे कुणी बघणार नाही अशा जागी, कापसाने थोडं स्पिरिट लावलं. लाखेचं असतं तर चिकट झालं असतं. झालं नाही. लॅकर थिनरने मात्र लगेच विरघळलं. म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. 1920च्या दशकात ते मोटारींच्या रंगकामात आलं आणि भराभर वाळतं म्हणून फर्निचर आणि रेडिओवाल्यांनीही उचललं.

हे कळल्यावर पॉलिश खरवडायचा विचार सोडलाच. या लॅकरमध्ये बरेचदा रंगच मिसळलेला असे, म्हणजे गडद अक्रोडाचा भास लाकडात नसून वरच्या थरात. तो काढला की खालून फिकट, साधं विनियर उघडं पडतं. आणि 1930च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या फिल्को या अमेरिकन कंपनीच्या काही सेटवर तर लाकडाच्या रेषाच छापलेल्या असत. तिथे रिमूव्हर लावला की अख्खं लाकूड फडक्यावर उतरून येतं. माझ्या खोक्याच्या कडेच्या पट्ट्या जरा संशयास्पद एकसारख्या आहेत. त्यांच्यावर फक्त मेण.

डाव्या अंगाला विनियर फुगलं होतं. जुन्या खोक्यांत जनावरी सरस वापरलेला असतो आणि उष्णतेने तो पुन्हा मऊ पडतो. फुगवट्यावर साधा कागद, त्यावर सुती फडकं, त्यावर मंद इस्त्री. बसतं कधी ते बोटाला कळतं, खालून पोकळ लागायचं थांबतं. लगेच सपाट फळी ठेवून क्लॅम्प आवळला आणि रात्रभर तसंच ठेवलं.

कोपऱ्यातला टवका बुजवताना ठिगळ चौकोनी कापलं नाही. रेषांना आडवी गेलेली सरळ कड लांबूनही ओरडते. दोन्ही टोकांना निमुळतं, होडीच्या आकाराचं कापलं तर जोड रेषांत हरवतो.

शनिवार

कापड मिळालं. घेण्याआधी तोंडाशी धरून फुंकर मारली: श्वास आरपार, विनाअडथळा गेला तर आवाजही जाईल. दाट विणीचं सुंदर कापड खूप मिळतं, पण ते पडद्यासाठी. रंग फिका सोनेरी, मरगळलेला, रेघ तपकिरी. लपलेल्या पट्टीइतकं झगझगीत नाही आणि चोथ्याइतकं मळकंही नाही. धुऊन काढलेल्या लाकडाशेजारी धरून बघितलं, दोघांचं जमतंय.

फळीला आधी मॅट काळा रंग दिला, नाहीतर वाळलेल्या फळीचा फिकटपणा विणीतून डोकावतो. आता ताणणं, आणि खरी कसोटी इथेच. चारही बाजूंच्या मध्यावर एकेक टाचणी, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे सरकत जायचं. दर वेळी लांब उभं राहून बघायचं की रेघ फळीच्या कडेला समांतर आहे ना. ती जरा जरी तिरपी गेली, तरी नंतर नजर पहिली तिथेच जाते. ताण मात्र सगळीकडे सारखा हवा. सैल राहिलं तर खर्जात कापड फडफडून कुरकुरतं.

गोंद कापडाला लावायचा नाही, फळीच्या कडांना लावायचा, आणि बोटाला जेमतेम चिकटेल इतका वाळू द्यायचा. पातळ गोंद धाग्याधाग्यातून वर चढतो आणि समोर चकाकणारा डाग कायमचा बसतो.

रविवार

सगळं जुळवून मेणाचा हात फिरवला. स्टेशन लावायच्या बटणाच्या बाजूला लॅकर झिजून चंद्रकोर झालीय, वर्षानुवर्षं कुणाची तरी नखं घासून. ती तशीच ठेवली. जुन्या कापडाची लपलेली पट्टी पाकिटात घालून खोक्याच्या आत, तळाला, गरम होणाऱ्या भागापासून लांब चिकटवली. पुढे कुणी हा उघडला तर मूळ वीण कशी होती ते त्याला दिसेल.

मागचं झाकण धुळीने बुजलं होतं, त्याची हवेची भोकं काडीने मोकळी केली. आता चेसिस जाणकाराकडे जाईल. राहता राहिलं आवाजाचं बटण: ते बाकीच्या बटणांच्या घराण्यातलं नाही, कधीतरी कुणीतरी दुसऱ्या सेटचं बसवलंय, अंमळ मोठं आणि जास्त काळं. बदलायचं की नाही यावर घरात दोन पक्ष पडलेत. मी तूर्तास राहू द्या म्हणणाऱ्यांत.